मोरी विचार करून राहिली

लातूर जिल्हा झाला तेव्हा प्रत्येकाला काही ना काही मिळालं. पुढाऱ्यांना हार मिळाले, हॉटेलवाल्यांना गिऱ्हाईक मिळालं आणि मला बदली मिळाली. मी नांदेडला जमिनीच्या जुन्या कागदांच्या ऑफिसात कारकून होते. साहेबांनी बोलावून सांगितलं की नवीन जिल्ह्याला अनुभवी माणसं लागतात. माझा अनुभव तीन वर्षांचा. यादीत माझ्या वर ज्यांची नावं होती त्यांना सगळ्यांना एकाच आठवड्यात रक्तदाब सुरू झाला, त्यामुळे अनुभवी अशी मीच उरले.

लातुरात येऊन बघते तर माझ्यासारखी शे-दीडशे अनुभवी माणसं खोल्या शोधत फिरत होती. त्यात मी बाई. नवरा कंधारला शाळेवर मास्तर, सोबत गुडघ्यांनी हैराण झालेली आई. एवढं सांगून होईपर्यंत घरमालकाचं दार अर्धं लागलेलं असायचं. बावीस दिवस आम्ही मायलेकी धर्मशाळेत काढले. तेविसाव्या दिवशी कोणीतरी अप्पांचं घर दाखवलं.

अप्पांनी नवऱ्याबद्दल विचारलं नाही, जातीबद्दल विचारलं नाही. पासष्टीचा काटक माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बंडी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मला सरळ मागच्या मोरीवर नेलं आणि तांब्याभर पाणी ओतायला लावलं. मी ओतलं. पाणी जिथं पडलं तिथंच थांबलं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

"काय वाटतं?" अप्पांनी विचारलं.

"तुंबलीय," मी म्हटलं.

अप्पांना ते लागलं. चष्मा वर सरकवून ते म्हणाले, "तुंबली न्हाई बाई. विचार करून राहिली."

बावीस दिवसांच्या धर्मशाळेनंतर, मोरी पोथी वाचून राहिली असं अप्पा म्हणाले असते तरी मी हाव म्हणाले असते. मी हाव म्हटलं. दोन खोल्या मिळाल्या. अटी तीन होत्या. मोरीत खरकटं सांडायचं नाही. मोरीत केस टाकायचे नाहीत. आणि शेजारच्या घराशी बोलायचं नाही. तिसरी अट मला मोरीच्या वर्गातली वाटली नाही, पण मी त्या दिवशी पूजेच्या ताटासमोर उभं राहावं तशी हात जोडून उभी होते.

दुष्काळाचे दिवस. नळ आठ-आठ दिवस खोकायचा आणि पाणी येण्याआधीच थकायचा. रेणापूरकडून ऑफिसात येणारे शेतकरी विहिरींचे तळ दिसल्याचं सांगायचे. सगळ्या जिल्ह्यात पाणी नव्हतं, आमच्या मोरीत तेवढं कायम. अप्पा पहाटे पाचला आंघोळ करायचे आणि मी सहाला जायचे, तेव्हा त्यांचं पाणी तिथंच असायचं. घोट्याएवढ्या त्या पाण्यात उभं राहून मी स्वतःवर दोन तांबे घ्यायचे. ते पाणी ऑफिस सुटेपर्यंत कुठं तरी जायचं. कुठं, ते त्या मोरीलाच ठाऊक.

अप्पांची पूर्वी गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. धान्य बघायची लोखंडी टोकदार नळी पोत्यात खुपसली की आतला माल कळतो, हे त्यांच्या हातात आयुष्यभर मुरलेलं. त्यांना वाटायचं जगातल्या कोणत्याही वस्तूला नीट खुपसलं की ती खरं बोलते. मोरीशेजारच्या भिंतीवर खिळ्यांना त्यांची हत्यारं टांगलेली असत. बांबूची कामटी, सायकलच्या ब्रेकची तार, चाबकाची मूठ, छत्रीच्या काड्या. रोज सकाळी पूजा आटोपली की अप्पा मोरीपाशी पालथे पडायचे आणि भोकाला कान लावायचे. मग "हं" करून उठायचे आणि त्या दिवसाचं हत्यार निवडायचे. सोमवारी मात्र मोरीला हात लावायचे नाहीत. महादेवाचा वार, तिलाही सुट्टी.

हत्यारं थकली की औषधं. उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा हे आठवड्याचं. चुन्याची निवळी अमावस्येला. एकदा त्यांनी आंबट ताक ओतलं, कारण त्यांचं स्वतःचं पोट ताकानं मोकळं झालं होतं. त्या उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी गल्लीत बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या आणि आमचे अप्पा पातेलंभर पाणी उकळून मोरीला पाजत होते. आई म्हणायची, एवढी सेवा माझ्या गुडघ्यांची कोणी केली असती तर मी पळत सुटले असते.

माझ्या पैशानं मी एकदा नळवाला आणला. एवढा गुन्हा मी केला. अप्पांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा पाजला, त्याचं गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं, त्या गावात तूर कशी होते ते विचारलं. तासाभरानं तो बिचारा पिशवी उचलून निघून गेला. मोरीपर्यंत पोचलाच नाही. जाताना मला हळूच म्हणाला, "ताई, इथून खुपसून काही होत नसतं. नाली भिंतीखालून शेजाऱ्याच्या अंगणात जाते. तिथं फरशी असंल. ती उचलली की अर्ध्या तासाचं काम." मी अप्पांकडे बघितलं. अप्पा लिंबाच्या झाडाकडे बघत होते. ते झाड भिंतीपलीकडचं होतं.

शेजारी म्हणजे अप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. हे मला अप्पांनी सांगितलं नाही, टँकरच्या रांगेत समोरच्या काकूंनी सांगितलं. पण त्याआधी मला संशय यायला हवा होता. पहाटे भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी एकाच सुरात खोकला यायचा. एकाच वेळी दोन घंटा वाजायच्या. मला आधी वाटलं घरात घुमतं.

टँकर आला की दोघं भाऊ घागरी घेऊन यायचे. दोघांच्या मधे कोणीतरी उभं राहिलेलं दोघांना लागायचं. कोणी नसलं की अप्पा मला दंडाला धरून मधे उभं करायचे. मग सुरू. "त्यायला सांगा, घागर मागं घ्या म्हनावं." दोन हातांवरून उत्तर यायचं, "त्यायला सांगा, आधी माझा नंबर हाय." दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं असायचं. मला सांगायचं काही उरायचं नाही, मी मधे नुसती मान हलवायची. पगार सरकारचा आणि भिंतीचं काम अप्पांचं.

काकूंनी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या वडिलांनी घराची वाटणी करून दिली. दोन भावांना दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या, त्यामुळे घर वाटलं तरी चूल तुटणार नाही असं म्हातारा म्हणायचा. वाटणीच्या कागदात एक ओळ होती, मोरी दोघांची राहील. मोरी आली थोरल्याच्या वाट्यात. दुसऱ्याच दिवशी धाकट्याची बायको भांड्यांची पाटी घेऊन थोरल्या बहिणीच्या मोरीवर घासायला आली. कागदात आपला हक्क आहे म्हणून आली. अप्पांनी ती पाटी उचलली आणि भांड्यांसकट गल्लीत फेकली. म्हणाले, आज भांडी घेऊन आली, उद्या घर घेऊन येईल. तेव्हापासून बोलणं बंद. अप्पांच्या बायकोलाही बंद, शपथ घालून. चार वर्षांमागं ती गेली, लिंगैक्य झाली, तेव्हा तिची बहीण गल्लीत दगडी ओट्यावर बसून रडली. कोणी आत बोलावलं नाही आणि ती आपण होऊन आली नाही.

हे सगळं सांगून काकू घागर उचलताना म्हणाल्या, "अप्पाला लेकरू न्हाई. ह्या दोन खोल्या खरं तर पुतन्याच्या हायेत. भांडन हाय म्हनून तुमाला जागा हाय, बाई. देवाला म्हना भांडन ऱ्हाऊ दे."

मी देवाला तसं म्हटलं. खोटं कशाला बोलू? पुन्हा धर्मशाळेच्या त्या ओल्या पोत्यांच्या वासात आईला नेण्यापेक्षा दोन म्हाताऱ्यांनी मरेपर्यंत अबोला धरलेला मला चालणार होता. मी माझ्या आंघोळीचं पाणी बादलीत धरून दारच्या जास्वंदीला घालायला लागले आणि मोरीला विचार करू दिला.

मोरीनं मात्र आमच्या आईचा विचार केला नाही. एका सकाळी आई त्या साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात घसरली. हाड मोडलं नाही, पण मांडी काळीनिळी झाली आणि पंधरा दिवस ती भिंत धरून चालली. मी ऑफिसला दांडी मारली आणि अप्पांसमोर जाऊन उभी राहिले. तोंडात येईल ते बोलले. म्हटलं, एवढ्या वर्षांत त्या भोकात तुम्ही जेवढ्या काड्या घातल्यात तेवढ्या काड्यांत एक झोपडी झाली असती. विचार मोरी करत नाही, तुमच्या डोक्यातच माती साचलीय. शेजारी जा आणि फरशी उचला.

अप्पा रागावले नाहीत. आत गेले, ट्रंक उघडली आणि एका रुमालात बांधलेला कागद आणून माझ्यासमोर ठेवला. तुम्ही कागदाच्या ऑफिसातल्या ना, मग वाचा आणि सांगा माझी काय चूक, असं त्यांचं म्हणणं.

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. काकूंनी बजावलं होतं, देवालाही सांगून झालं होतं. पण जुना कागद समोर आला की माझं ऑफिसचं डोकं चालू होतं आणि बाकीचं डोकं बंद पडतं. कागद लिहिणारा अर्जनवीस निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला असणार, अक्षरावरूनच कळत होतं. असे कागद मी नांदेडला रोज वीस-पंचवीस चाळायचे. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. विहीर थोरल्याकडे, आता तिच्यात थेंब नव्हता ते सोडा. लिंबाचं झाड धाकट्याकडे. स्वयंपाकघर व न्हाणी थोरल्याकडे. मोरी दोघांची राहील.

आणि मी हसले. आई पलीकडे कण्हत असताना हसले. म्हटलं, "अप्पा, न्हाणी तर वरच्या ओळीत तुम्हाला दिलीय. मग खाली मोरी कुठली? ह्या उर्दू शिकलेल्या अर्जनवीसांच्या भाषेत मोरी म्हणजे नाली. पाणी जायची वाट. तुमचं पाणी त्यांच्या अंगणातून जाणार, म्हणून ती दोघांची. साफ दोघांनी करायची. एवढंच लिहिलंय."

त्या घरात आंघोळीच्या जागेलाच मोरी म्हणत, नालीला नाली म्हणत. वरची ओळ दोघा भावांनी कधी धड वाचलीच नव्हती. भांडायला खालची पुरत होती.

अप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांशी नेला, पुन्हा खाली केला. मग म्हणाले, "मंग ती भांडी घेऊन का आली?"

"तिलाही कळलं नाही, अप्पा. तिच्या नवऱ्यालाही नाही."

"आन मी फेकली." एवढंच बोलले. कागद रुमालात बांधताना त्यांना गाठ बसेना. तेव्हा मला पहिल्यांदा त्या माणसाची दया आली, आणि त्याच क्षणी माझ्या दोन खोल्या गेल्या हेही लख्ख कळलं. दोन्ही एकदमच कळलं, त्यामुळे धड कोणतंच वाटून घेता आलं नाही.

अप्पा लगेच उठून भावाकडे गेले असतील असं कोणाला वाटत असेल तर त्यानं अप्पांना ओळखलं नाही. आठ दिवस ते मोरीत आणखी जोरानं खुपसत राहिले. कागद चुकीचा ठरला तर ठरला, निदान मोरी तरी त्यांच्या बाजूनं निघावी अशी त्यांची धडपड. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की टँकरला जाताय तर त्यायला सांगाल का. मी म्हटलं, मी आता कोणाला काही सांगणार नाही, तुमच्या मधे उभं राहून माझे पाय दुखले. नवव्या दिवशी आंघोळ करून, भस्म लावून, धुतलेलं धोतर नेसून अप्पा पहार खांद्यावर टाकून निघाले. गल्लीतली माणसं घाबरून उठून उभी राहिली. काकूंना वाटलं डोकी फुटणार. मी मागोमाग धावले.

धाकट्यांनी दार उघडलं. पहारीकडे बघितलं, मग भावाकडे.

"मोरी बघायची हाय," अप्पा दाराच्या चौकटीला म्हणाले.

"बघा की," धाकटे म्हणाले. "दर म्हैन्याला फरशी उचलून मीच बघून राहिलो. माझ्याकडचं सगळं साफ हाय. तुमच्याकडून पानीच येत न्हाई."

दहा-अकरा वर्षं हा माणूस दर महिन्याला आपल्या अंगणातली फरशी उचलत होता, आतला कोरडा चौकोन बघत होता आणि फरशी परत ठेवत होता. आणि भिंतीच्या ह्या बाजूला दुसरा शहाणा पालथा पडून भोकाला कान लावत होता. ह्यांच्या घराण्यात अक्कल वाटायची वेळ आली तेव्हाही बहुतेक एखादी ओळ चुकली असावी.

फरशी निघाली. धाकट्यांनी भिंतीखालच्या नळीत आकडा घातला, ओढला, आणि अप्पांची सगळी हयात बाहेर यायला लागली. मोडलेल्या कामट्या, तारेचे गुंडाळे, चुन्याचे दगड झालेले गोळे, चाबकाची एक मूठ. मोरी उघडायला जे जे आत घातलं होतं तेच आत जाऊन बसलं होतं. धाकटे एकेक वस्तू काढून फरशीवर ओळीनं मांडत होते. एक गंजलेली काडी त्यांनी उजेडात धरली.

"ही माझ्या छत्रीची," ते म्हणाले. "वाटनीत सापडली न्हवती."

सगळी गल्ली दारात जमली होती आणि कोणाचीही हसायची छाती झाली नाही. मग मी भिंतीपलीकडे जाऊन मोरीत बादलीभर पाणी ओतलं आणि धावत परत आले. इकडे अंगणात ते गुडगुडत आलं, काळं आलं, मग राखाडी, मग स्वच्छ. दोघं भाऊ उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होते. दुष्काळात वाहतं पाणी बघायला मिळालं म्हणून बघत होते असं मी स्वतःला सांगितलं.

धाकट्यांची बायको दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. अप्पा उठले, तिच्याकडे न बघता म्हणाले, "भांडी घिऊन ये माय. तिकडंच घास." ती त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, एकच पितळी तांब्या घेऊन. आमच्या मोरीवर बसून तिनं तो चिंचेनं घासला, घासला, घासतच राहिली. बहिणीची बसायची जागा तीच होती, हे तिनं मला सांगितलं नाही, आईला सांगितलं. आईनं तिच्याशेजारी पाट टाकला आणि दोघी बसून राहिल्या.

त्यानंतर महिनाभर त्या घरात नुसती दिवाळी चालू होती. भिंतीत दार पाडायचं ठरलं. अप्पांची भाकरी पलीकडून यायला लागली. पुतण्याचं लग्न ठरलं, मुलगी उदगीरची. टँकरच्या रांगेत दोघं भाऊ शेजारी उभे राहून आता तोंडानं भांडायचे आणि मला कोणी मधे बोलवायचं नाही. काकू माझ्याकडे असं बघायच्या की मी माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. घेतलाच होता.

एका संध्याकाळी अप्पा आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. पहिल्यांदाच रिकाम्या हातानं. पाणी कसं जातं ते विचारलं. मी म्हटलं, सर्रकन जातं. गुडघे कसे आहेत ते आईला विचारलं. लातुरात यंदा ऊन जास्त आहे असं म्हणाले. नवीन जिल्ह्यात बांधकामं लई चालू झालीत, लोकांना खोल्या मिळायला लागल्यात, असंही म्हणाले. मग चष्म्याचा दोरा सोडून पुन्हा बांधायला लागले. त्यांच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडेना. माझ्या डोक्यात राग नुसता उकळत होता. ज्या बाईनं ह्यांचं घर जोडून दिलं तिलाच घराबाहेर काढायला आलेत, आणि तेही माझ्याच उंबऱ्यावर बसून. पण आईनं मला डोळ्यांनी दाबलं.

"कधी रिकाम्या करू?" मीच विचारलं.

"घाई न्हाई," अप्पा म्हणाले. "लगनाआधी झाल्या म्हंजे झालं."

मी बरं म्हटलं. वाटलं आता उठतील. ते उठले नाहीत. आत मोरीवर धाकट्यांची बायको काहीतरी धूत होती, पाणी पडल्याचा आणि गेल्याचा आवाज येत होता. अप्पा तो ऐकत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमी लई उशिरा आलाव. चार-पाच वर्सं आधी यायचं हुतं. ती हुती तवा."

 

"तेव्हा जिल्हा कुठं होता, अप्पा?" मी म्हटलं.

"हाव," अप्पा म्हणाले. "तवा जिल्हा न्हवता." आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.